सहा व्होल्टचा हिशेब

चांदणी चौकापासून पिरंगुटपर्यंत हेडलाइट कसा आहे हे कळतच नाही. दुतर्फा दुकानांच्या पाट्या, हॉटेलांच्या माळा, समोरून येणाऱ्या गाड्यांचे झोत. त्या उजेडात आपला दिवा लागला आहे एवढंच दिसतं आणि माणूस समाधानी राहतो. पौड मागे पडलं की हा उसना उजेड संपतो. पुढे मुळशी धरणाच्या कडेनं ताम्हिणीकडे जाणारा रस्ता झाडीतून वळणं घेत जातो. पावसाळ्यात त्यावर धुकं उतरतं, डांबर काळं ओलं होतं आणि काळा ओला रस्ता दिव्याचा प्रकाश परत पाठवत नाही. जुन्या जावाचा, येझदीचा, राजदूतचा किंवा बुलेटचा दिवा खरा किती आहे, ते इथे कळतं.

कळल्यावर मालक काय करतो, तेही ठरलेलं आहे. आधी बल्ब बदलतो. आठवडाभर बरं वाटतं. मग बॅटरी नवी येते. तरीही चार्जिंग होत नाही म्हटल्यावर नाना पेठेत जाऊन रेग्युलेटर आणतो, नाहीतर रविवारी जुन्या बाजारात कुणाच्या तरी मोडीत निघालेल्या गाडीचा डायनॅमो शोधतो. तीन नव्या वस्तू बसतात, हजारो रुपये जातात आणि दिवा पुन्हा पिवळा पडतो. कारण दोष बहुतेक वेळा वस्तूत नसतो, वस्तूंना जोडणाऱ्या सांध्यांत असतो. हे खरं तर कुठल्याही जुन्या गाडीला लागू आहे. पण सहा व्होल्टच्या गाडीला सांध्यातली चूक पचतच नाही. का पचत नाही, हे आकड्यांत मांडलं की अर्धी दुरुस्ती डोक्यातच होते.

३५ वॅटचा हेडलाइट घ्या. बारा व्होल्टवर तो साधारण ३ अँपिअर खेचतो. तेवढ्याच उजेडासाठी सहा व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर लागतात. व्होल्टेज निम्मं, करंट दुप्पट. सहा व्होल्टच्या या बल्बचा पेटलेल्या अवस्थेतला रोध जेमतेम एक ओहम असतो. आता वाटेत एखाद्या गंजलेल्या सांध्यानं ०.२ ओहमची भर घातली असं समजा. सहातला जवळजवळ एक व्होल्ट त्या सांध्यातच खर्च होतो आणि बल्बपर्यंत पाच पोचतात. पाच म्हणजे सहाचा सहावा भागच कमी, असं वाटेल. पण टंगस्टनच्या तारेचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तो साधारण ३.४ व्या घाताच्या हिशेबानं घसरतो. पाच व्होल्टवर उजेड निम्म्याच्या आसपास येतो. हाच सांधा बारा व्होल्टच्या गाडीत असता, तर अर्ध्या व्होल्टहून थोडं जास्त गेलं असतं आणि ८५ टक्के उजेड शिल्लक राहिला असता. मालकाच्या लक्षातही आलं नसतं.

सांध्यात गेलेला तो एक व्होल्ट कुठे नाहीसा होत नाही. पाच अँपिअरच्या हिशेबानं जवळपास पाच वॅटची उष्णता तिथे निर्माण होते. दिवा दहा मिनिटं लावून ठेवा आणि हेडलाइटच्या डोमच्या आतले जोड बोटांनी चाचपा. गरम लागेल तो चोर. मल्टिमीटर नसलेल्या गॅरेजातला जुना वायरमन हेच करत असे, आणि त्याची पद्धत शास्त्राला धरून होती.

तरीही मल्टिमीटर घ्यावाच. मात्र त्याचा तो पीं-पीं वाजणारा कंटिन्यूटीचा खटका या कामात फसवा आहे. वायरच्या तीस काड्यांपैकी एकच शिल्लक असली तरी मीटर आनंदानं वाजतो, कारण तपासताना तो वायरमधून नगण्य करंट सोडतो. विहिरीचा दोर भरलेली घागर लागल्यावरच कळतो, तशी वायर दिवा पेटल्यावरच कळते. म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवून, आणि मोजायचं व्होल्टेज.

पद्धत अशी. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून घ्या, कारण अर्धवट बॅटरीवर घेतलेला कुठलाही आकडा निरर्थक आहे. चांगली सहा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी काही तास निवांत ठेवल्यावर ६.३ ते ६.४ दाखवते. इंजिन बंद, हेडलाइट चालू. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा, दुसरं बल्बच्या होल्डरच्या अर्थवर. आदर्श आकडा शून्य, ०.१ चालेल. ०.५ दिसलं तर अर्थची वाट खराब आहे. मग एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं बल्बच्या पॉझिटिव्ह टोकावर ठेवून तेच करा. इथे वाट लांब असते: फ्यूज, इग्निशन स्विच, डिमर, मधले कनेक्टर. एकूण घट जास्त आली, तर मीटरचं दुसरं टोक एकेक टप्पा मागे आणत जायचं. ज्या टप्प्यावर आकडा एकदम उडी मारतो, तिथे काम आहे. एवढ्या तपासणीत एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. बहुधा म्हणूनच ती फारशी केली जात नाही.

एक सावधगिरी. कुठलं टोक चासिसला जोडलं आहे ते आधी पाहा. लुकासची वायरिंग असलेल्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, आणि आपल्या सवयीनं बॅटरी उलटी जोडणारे महाभाग गावोगाव आहेत.

अर्थचा मुद्दा मुळशीत अधिक महत्त्वाचा. ताम्हिणीचा पाऊस राज्यातल्या सर्वांत मोठ्या पावसांपैकी एक. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते, की शेडमध्ये उभ्या गाडीच्याही पितळी टोकांवर हिरवट थर चढतो. घाटातून आलेली गाडी चिखलानं माखते आणि मग प्रेशरच्या पाण्यानं धुतली जाते. ते पाणी डोमच्या रबरातून थेट जोडांवर बसतं. उंदीर आणि घुशी वायरचं आवरण कुरतडतात, ते वेगळंच. पण गेल्या काही वर्षांत अर्थ बिघडण्याचं आणखी एक कारण तयार झालं आहे आणि ते पावसापेक्षा वाईट आहे: पावडर कोटिंग. रिस्टोअर केलेल्या गाडीची चासिस, ब्रॅकेटं, डोमचे कान, सगळ्यांवर जाड, चकचकीत थर. तो थर विजेला अडवतो. मूळ गाडीत हेडलाइटचा अर्थ डोममधून, स्टिअरिंगच्या छऱ्यांमधून चासिसला आणि चासिसमधून बॅटरीला पोचत असे. रंग चढल्यावर ती वाट बुजली. दीड लाख खर्चून नवरीसारखी सजवलेली गाडी दिव्याच्या बाबतीत भंगारातल्या गाडीहून वाईट वागते, ती यामुळे. उपाय शंभर रुपयांत होतो: होल्डरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत स्वतंत्र वायर टाकायची. रेग्युलेटरच्या ब्रॅकेटखालचा रंग खरवडून तिथूनही एक.

वायर मात्र जाडी पाहून घ्यावी. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१७ ओहम असतो. दोन मीटर वायरमधून ६ अँपिअर गेले तर ०.२ व्होल्ट गेले. दुकानात सहज हाती पडणारी अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर ०.४ व्होल्ट, म्हणजे नव्याकोऱ्या वायरिंगमध्येच उजेडाचा पाचवा हिस्सा खलास. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान ०.१ च्या खाली राहतं. वायरीच्या रंगांवर भरवसा ठेवू नये. चाळीस-पन्नास वर्षांत किती वायरमनांनी हाताला लागेल त्या रंगाची वायर ओढली, याची नोंद कुणी ठेवलेली नसते. जावाच्या बाबतीत नशीब असं, की तिच्या आराखड्यावर जर्मन पद्धतीचे आकडे आहेत: ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ इग्निशननंतरचा पुरवठा, ३१ अर्थ, ५६ हेडलाइट, ५८ मागचा दिवा, ६१ चार्जिंगचा लाल दिवा. रंग विसरा, आकडे धरा.

त्या इग्निशन स्विचबद्दलही दोन शब्द. जावाची किल्ली म्हणजे प्लॅस्टिकचं डोकं असलेला खिळाच. ती डोमवर खोचायची आणि फिरवायची. गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्या स्विचमधल्या पितळी पट्ट्यांतून जातो. पट्ट्यांचा ताण गेला किंवा वर काजळी बसली, की तिथेच अर्धा व्होल्ट अडकतो. बारीक पॉलिश पेपर, थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर आणि पट्ट्या हलक्या हातानं वर उचलणं, एवढंच काम असतं. मान वळते तिथे, टाकीच्या पुढच्या बाजूला, हँडलच्या हजारो वळणांनी वायरी आतून तुटलेल्या असतात. बाहेरचं आवरण शाबूत दिसतं. दिवा डावीकडे वळताना जात असेल आणि उजवीकडे येत असेल, तर आणखी काही शोधू नका.

इथवर फक्त दिव्यापर्यंत जाणाऱ्या वाटेबद्दल बोललो. पण वाट साफ करूनही बॅटरी दोन दिवसांत उतरत असेल, तर वीज तयारच होत नाहीये. इथे आधी आपली गाडी कुठल्या जातीची आहे ते ओळखावं लागतं, कारण आपल्याकडच्या जुन्या दुचाकी तीन वेगळ्या तऱ्हांनी वीज बनवतात आणि एकीचा उपाय दुसरीला लावला की नुकसान होतं.

राजदूत १७५ किंवा आकुर्डीचा जुना चेतक घ्या. फ्लायव्हीलवर कायमचे चुंबक, आत गुंडाळी, आणि तिच्यातून निघणारी एसी वीज सरळ हेडलाइटला. सिग्नलला थांबलं की दिवा विझू विझू होतो आणि ॲक्सिलरेटर पिळला की उजळतो, हे पुण्यातल्या एका अख्ख्या पिढीला पाठ आहे. यात वीज काबूत ठेवणारं वेगळं यंत्र नव्हतं. दिव्यांचे वॅट हाच लगाम. म्हणून मागचा दिवा गेला की त्याच्या वाट्याची वीज हेडलाइटवर येते आणि थोड्याच वेळात हेडलाइटही जातो. अशा गाडीत बल्ब लिहिलेल्या वॅटचाच टाकायचा, कमीही नाही आणि जास्तही नाही. आणि मीटर एसीवर ठेवून मोजायचं.

बुलेटमध्ये ऑल्टरनेटर आणि रेक्टिफायर. तिची तपासणी सोपी, कारण डोमवर अँपिअरमीटर आहे. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावला की काटा डावीकडे जातो. गाडी सुरू करून वेग दिला की तो मध्यावर किंवा उजवीकडे यायला हवा. काटा डावीकडेच चिकटून राहिला, तर आधी ऑल्टरनेटरच्या वायरी चेनकेसमधून बाहेर पडतात तिथे पाहा, मग रेक्टिफायर.

तिसरी जात डायनॅमोवाली, जावा आणि सुरुवातीची येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे उत्पादन सुरू केलं, पुढे टाकीवर येझदी हे नाव आलं, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. मूळ चेक आराखड्यातला हा सहा व्होल्ट, ४५ वॅटचा डायनॅमो क्रँकच्या उजव्या टोकावर बसतो. त्यात कायमचा चुंबक नाही. चुंबक बनवणाऱ्या गुंडाळीला वीज लागते आणि ती वीज डायनॅमोच देतो. मग पहिली वीज कुठून येते? हा पेच १८६६-६७ च्या सुमारास सुटला, वेर्नर सीमेन्ससह दोन-तीन जणांनी जवळजवळ एकाच वेळी सोडवला. लोखंडात मागच्या वेळचं थोडंसं चुंबकत्व उरलेलं असतं. आर्मेचर फिरलं की त्यातून अगदी थोडी वीज निघते, ती गुंडाळीत जाऊन चुंबक वाढवते, वाढलेला चुंबक आणखी वीज देतो, आणि काही क्षणांत डायनॅमो स्वतःच्या बळावर उभा राहतो.

ज्या धरणाच्या कडेनं ही गाडी जाते त्याचाही संबंध विजेशीच आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांनी टाटांच्या या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. जमिनी गेल्या, मुळेचं पाणी सह्याद्रीपलीकडे वळवलं गेलं, १९२७ मध्ये खाली भिऱ्याला जनित्रं फिरू लागली आणि वीज मुंबईला गेली. डायनॅमोचं प्रकरण लिहिताना या खोऱ्याचा उल्लेख टाळणं मला जमत नाही.

पुन्हा जावाकडे. डोमवरचा लाल दिवा हे तिचं सगळ्यात मोठं निदानयंत्र आहे आणि मालक त्याकडे फारसं पाहत नाहीत. या दिव्याचं एक टोक इग्निशनच्या पुरवठ्याला असतं, दुसरं डायनॅमोला. इंजिन बंद असताना किल्ली फिरवली की करंट दिव्यातून, ब्रशमधून, आर्मेचरमधून अर्थला जातो आणि दिवा लागतो. डायनॅमो फिरायला लागला की दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं आणि दिवा विझतो. तेव्हा किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागलाच नाही, तर त्याचा बल्ब गेलाय किंवा ब्रश कम्युटेटरला टेकत नाहीत. इंजिन वेगात असूनही तो विझत नसेल, तर डायनॅमो वीज देत नाही. धुगधुगी धरून राहत असेल, तर वीज येते आहे, पण पुरेशी नाही किंवा रेग्युलेटरचे पॉइंट जळालेले आहेत.

उजवं कव्हर काढा. कार्बन ब्रश आखूड झालेत का, स्प्रिंगमध्ये दम आहे का, ब्रश आपल्या खाचेत मोकळे सरकतात का, हे पाहा. कम्युटेटर काळा पडला असेल, तर बारीक पॉलिश पेपरची पट्टी धरून क्रँक फिरवा. एमरी नको, तिचे कण वीजवाहक असतात आणि खाचांत अडकून शॉर्ट करतात. पट्ट्यांमधल्या अभ्रकाच्या खाचा टोकदार काडीनं कोरून साफ करा. आत तेलाचा चिकट थर दिसला, तर प्रश्न विजेचा नाहीच. क्रँकचं उजवं ऑइल सील गेलं आहे आणि पेट्रोल-ऑइलचं मिश्रण डायनॅमोत येतं आहे. सील बदलेपर्यंत ब्रश कितीही वेळा पुसा.

गाडी बरीच वर्षं उभी राहिली असेल, तर ते उरलेलं चुंबकत्वच मेलेलं असू शकतं. तेव्हा फील्डच्या गुंडाळीला बॅटरीचा क्षणभर झटका देऊन ते जागवतात. झटका उलट दिशेनं दिला, तर डायनॅमोच्या विजेची दिशाही उलटते, म्हणून हे काम मॅन्युअल समोर ठेवूनच करावं.

रेग्युलेटरमध्ये दोन वेगळी माणसं राहतात. एक व्होल्टेज आवरतो. दुसरा, ज्याच्यावरून गॅरेजात सगळ्या डबीलाच कटआउट म्हणतात, तो डायनॅमो पुरेसा वेगात आल्यावर त्याला बॅटरीशी जोडतो आणि वेग उतरला की तोडतो. कटआउटचे पॉइंट चिकटले, तर इंजिन बंद केल्यावर बॅटरी उलट डायनॅमोतच रिकामी होऊ लागते आणि वायरी तापतात. गाडी बंद केल्यावर जळका वास आला, तर विचार न करता बॅटरीची वायर काढा. पहिल्या माणसाचा अर्थ तुटला, तर त्याला व्होल्टेज कळेनासं होतं. डायनॅमो बेलगाम सुटतो, बॅटरी उकळते, बल्ब पटापट जातात. पावडर कोटिंगची करामत इथेही. मध्यम वेगाला बॅटरीच्या टोकांवर साधारण ७ ते ७.२ व्होल्ट मिळाले, की डबी बंद करून पुन्हा हात लावू नये.

सगळं ठीक असूनही रात्री बॅटरी थोडी थोडी उतरू शकते. ३५ हेडलाइटचे, ५ मागच्या दिव्याचे, वर इग्निशन कॉइलची भूक. ४५ वॅटचा डायनॅमो काठावरच चालतो आणि घाटात दुसऱ्या गिअरवर तर काठाच्याही खाली. अशा गाडीत कुणी उत्साहानं ६० वॅटचा हॅलोजन टाकला, तर एकट्या दिव्याला १० अँपिअर लागतात. तो दिवा पौडपासून मुळशीपर्यंत सुंदर लागेल.

म्हणून बारा व्होल्टचं किट बसवावं का? रोज रात्री गाडी वापरणाऱ्यानं बसवावं, असं माझं मत आहे. काढलेला डायनॅमो आणि रेग्युलेटर मात्र ग्रीस लावून डब्यात ठेवावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलानुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या दुचाकींना व्हिंटेज म्हणून नोंदता येतं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण अशी नोंद केलेली गाडी रस्त्यावर नियमित चालवता येत नाही. तेव्हा दर रविवारी ताम्हिणीला जायचं असेल, तर त्या अक्षरांच्या मोहात पडण्याआधी विचार करा. एलईडी बल्ब हा तिसरा मार्ग. तो करंट कमी खेचतो, पण जुन्या परावर्तकाचा आकार टंगस्टनच्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो. तिच्या जागी एलईडीची चौकट बसली की झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

परावर्तकाचं नाव निघालंच आहे, तर काच उघडून तो एकदा पाहाच. आतला मुलामा काळवंडला असेल, तर वरच्या सगळ्या दुरुस्त्यांचा उजेड तिथेच गिळला जातो. तो पुन्हा चढवून घ्यावा लागतो. कापडानं पुसू नका, उरलासुरला मुलामाही निघून येईल. सगळं जोडून झालं की संध्याकाळी सपाट जागी, भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा, कुणाला तरी सीटवर बसवा, भिंतीवर हेडलाइटच्या मध्याच्या उंचीवर खडूनं रेघ मारा आणि डिपर लावा. प्रकाशाचा वरचा काठ त्या रेघेच्या थोडा खाली यायला हवा. वर जात असेल, तर डोमचे बोल्ट सैल करून नाक खाली करा आणि घट्ट करताना कानाखालची अर्थची वायर चेपली जात नाही ना, ते पाहा.